राजकुमार सायकलनं आला

दारव्ह्याच्या रविवार सायकल मंडळात नियम म्हणावा असा एकच होता. पहाटे सगळ्यांनी मिळून निघायचं आणि न्याहारी पाळीपाळीनं एकेका सभासदाच्या गावी करायची. व्यायामाचं नाव पुढे करून हे लोक चरायला जातात, असं विक्कीची बायको म्हणे, आणि ती काही अगदीच खोटं बोलत नव्हती. चित्रकलेचे मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष धर्मपाल वानखडे यांच्या गावची वांग्याची भाजी खाऊन झाली होती. निवृत्त नर्स विमलताईंच्या माहेरचा हुरडा झाला होता. मोबाइलच्या दुकानवाल्या विक्कीला स्वतःचं गावच नव्हतं, तर त्याच्या सासुरवाडीचे पोहे हाणले होते. राहिला होता एकटा राजकुमार राठोड.

राजकुमार पाटबंधारे खात्यात कारकून. त्याचा तांडा बोरी अरबच्या अलीकडे, सडकेपासून थोडा आत. पाळी आली की याच्याकडे सबब तयार. कधी याडी, म्हणजे आई, लग्नाला गेलेली, कधी रस्ता उखडलेला, एकदा तर त्यानं तांड्यात पिसाळलेलं कुत्रं सोडून दिलं. म्हणजे तोंडानं सोडलं. खरी गोष्ट अशी होती की, पोरगं सायकल चालवतं हे त्याच्या बापाला, लखीरामला, ठाऊकच नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ द्यायचं नाही यासाठी राजकुमार जिवाचं रान करत होता.

नोकरी लागली त्या वर्षी त्यानं मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी लखीरामला मागं बसवून तांड्यातून दोनदा फिरवून आणलं. दुसऱ्यांदा फिरवायला लखीरामनंच सांगितलं होतं, कारण पहिल्या वेळी तांड्याचा नायक भीमसिंग अंघोळीला बसला होता. त्या दिवसापासून लखीरामची मान जी ताठ झाली, ती झोपेतही वाकत नसावी. राजकुमारही मग गाडीवर यायचा, अंगणात गाडी चालूच ठेवायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि जायचा. साहेब लोकांना वेळ नसतो, असं लखीराम शेजाऱ्यांना कौतुकानं सांगे.

पण ती कापसाची वाईट वर्षं होती. तांड्यात झोकात आलेल्या गाड्या एकेक करून मुकाट्यानं विकल्या गेल्या. ज्याची गाडी गेली तो मग सायकलवर दिसे. तो सायकलवर दिसला की लोक काही विचारत नसत, फक्त त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलत. अशा तांड्यात राजकुमारनं सायकलवर जायचं, आणि तेही डॉक्टरनं रक्तातली साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, म्हणून? बापाची ताठ मान खाली घालायला तो तयार नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी विमलताईंनी बोरीच्या अलीकडे सायकल आडवी घातली.

"आज तुयाच घरी जाऊ, राजकुमार. कुत्रं चावलंच तं इंजेक्शन मी देतो."

राजकुमारच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाकीचे केव्हाच वळले होते.

मंडळ तांड्यात शिरलं तेव्हा बघण्यासारखं दिसत होतं. धर्मपाल मास्तरांची पँट मोज्यात खोचलेली. विमलताई पंजाबी ड्रेसवर टोपी घालून. विक्कीनं नागपूरहून आणलेली मांड्यांना चिकटणारी काळी चड्डी. सगळे घामानं निथळत होते. राजकुमारची आई सुखीबाई बाहेर आली, तिनं पोराकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"गाडी कुठी हाय?" लखीरामनं विचारलं. घरात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलणारा लखीराम पाहुण्यांसमोर मराठीवर आला होता.

"घरी हाय, बा."

लखीरामची नजर सायकलवर गेली. गाडी घरी आहे, असं तांड्यातला रामधनही स्वतःची गाडी विकल्यावर महिनाभर सांगत होता.

"आम्ही शौकानं फिरतो, काका," धर्मपाल मास्तर म्हणाले. राजकुमारची अडचण त्यांच्या लक्षात आली असावी, पण ती सोडवायची कशी हे काही आलं नव्हतं. "दर रविवारी एका गावी जातो अन् तिथंच खातो."

कुंपणापाशी जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शिकलेसवरलेले लोक दर रविवारी सायकली दामटत गावोगाव जेवायला हिंडतात, यावरून जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. शेजारची हंसाबाई घरात गेली आणि आपल्या पोराची जुनी पँट घेऊन आली. विक्कीच्या हातात ती ठेवत म्हणाली, "घाल बाप्पा. लाजू नको. कपडा कमी पडला असन तुले."

विक्कीनं ही चड्डी मुद्दाम घेतलेली आहे हे सांगायला तोंड उघडलं, तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि मुकाट्यानं पँट चढवली. ती त्याला आखूड झाली.

मग भाकरी आल्या. सोबत ठेचा, तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि ताक. सकाळपासून पायडल मारून सगळ्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. शौकाची गोष्ट पटवायची असेल तर माणसानं थोडं कमी खावं, पण एवढं भान कुणाला होतं? विक्कीनं आडवा हात मारला. मास्तरांनी वाटी बोटानं पुसली. सुखीबाई वाढत राहिली आणि हंसाबाई "खाऊ दे, खाऊ दे" म्हणत राहिली. नायक भीमसिंगनं येऊन सगळ्यांना एकदम धीर दिला. "हे बी दिवस जातीन," तो म्हणाला. राजकुमारचे पाय भरून आले होते, म्हणून तो बाजेवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. किती दिवसांनी तो या घरात झोपला होता, हे सुखीबाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

निघायच्या वेळी लखीराम त्याला गोठ्यामागं घेऊन गेला.

"नाल्याकडचं वावर तुयंच हाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "घरी ये. शरम करू नको. मनात भलतंसलतं काही आणू नको, बेटा."

"बा, नोकरी हाय मायी. गाडी बी हाय."

"हाय, हाय," लखीराम म्हणाला आणि आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं हात फिरवला. राजकुमारला रडूच आलं, आणि त्या रडण्यानं लखीरामची उरलीसुरली शंकाही फिटली.

मंडळ परत निघालं तेव्हा प्रत्येकाच्या हँडलला तूरडाळीची पिशवी लोंबकळत होती. नाही म्हणून बघितलं, पण कुणी ऐकेना.

आठवडाभर राजकुमारला काही गोड लागलं नाही. साखर काठावर असलेल्या माणसाला तसंही गोड लागायची परवानगी नव्हती, पण बापाचा तो हात पाठीवरून जाईना. पुढच्या रविवारी त्यानं मंडळाला सुट्टी दिली, गाडी धुतली, पुसली आणि तांडा गाठला. सवयीनं गाडी अंगणात चालूच ठेवली.

"कोणाची मांगून आणली रे?" हंसाबाईनं कुंपणावरून मायेनं विचारलं.

लखीरामनं वाकून मागचा मडगार्ड बघितला. भीमसिंगच्या म्हशीनं शिंग मारून पाडलेला पोचा तिथंच होता. त्यावरून अंगठा फिरवून तो सरळ झाला.

"हेच हाय," तो म्हणाला.

"मंग? सांगतलं होतं ना मी."

आता बा हसेल, पुन्हा मान ताठ होईल, भीमसिंगच्या दारावरून दोन चकरा मारायला सांगेल, असं राजकुमारला वाटलं. लखीराम म्हणाला, "नोकरी हाय तं बरं झालं," आणि घरात गेला. त्या बोलण्यात जीव नव्हता.

राजकुमार मागोमाग आत गेला. कडेची खोली, जिच्यात सरकी आणि मोडकं औत पडलेलं असायचं, रिकामी होती. भिंतीला चुना लावला होता. भुई ताजी सारवलेली होती. नवी सुतळी विणलेली बाज, तिच्यावर सुखीबाईनं आरशांचं भरतकाम केलेली गोधडी.

"हे कोणासाठी?"

"उंदरं झाले व्हते लय," लखीराम म्हणाला. "म्हणून साफ केली."

सुखीबाईला राहवलं नाही. "आठ दिवस झाले, भिताडासंगं बोलून राह्यला तुया बा. पोरगं येते, पोरगं येते. बाज त्यानंच विणली."

राजकुमार तिथंच उभा राहिला. बापाची मान सांभाळायला आपण इतकी धडपड केली, आणि बाप इथं पोरगं बुडालं म्हणून भिंतीला चुना लावत होता, हे त्याला आता उमगलं. बाहेर गाडी फटफटत होती. लखीराम उठला, अंगणात गेला, चाचपून किल्ली शोधली आणि गाडी बंद केली.

"सायकल इकली नाई ना?" त्यानं परत येऊन विचारलं.

"नाई."

"मंग तिच्यावरच येत जाय. गाडीनं आला का उभ्या उभ्या जातं तू. त्या दिवशी बसला तरी. झोपला बी."

"लोक काय म्हणतीन, बा?"

लखीरामनं बाजेवरची गोधडी सरळ केली. राजकुमारनं बूट काढले आणि नव्या बाजेवर बसला. सुतळी करकरली. चुलीवर चहा ठेवल्याचा आवाज आला.

"लखीरामभाऊ," कुंपणावरून हंसाबाईनं विचारलं, "गाडी कवा वापस करा लागते?"

"संध्याकाळी," लखीराम आतून म्हणाला. "पुढच्या इतवारी तो सायकलनंच येते."