कोकरांचं कुंपण

गिलिसच्या मेंढ्यांच्या कुरणाचा एकवीस वर्षांचा भाडेपट्टा शनिवारी संपणार होता. सरकारनं कुरण पुढं स्पेन्स नावाच्या माणसाला दिलं. म्हणून गुरुवारी गिलिसनं घरासमोर लिलाव ठेवला, आणि ओटागोच्या डोंगरातले सगळे शेजारी गाड्या जुंपून आले. निम्म्यांना काही घ्यायचंच नव्हतं. लिलावाला आलेल्यांना घरधन्यानं मटण आणि बिअर द्यायची, ही तिथली रीत.

ओठांवरची चरबी न पुसता लोक वस्तू चाचपत होते. शेजारच्या मिसेस डॅलग्लीशनं इझोबेलची उशी नाकाशी धरली.

"शी! मेंढ्यांचा वास येतोय हिला."

"म्हणजे तुमच्या नवऱ्यासारखाच की!" दुसरी एक बाई म्हणाली. दोघी खिदळल्या. पण मिसेस डॅलग्लीशनं उशी घेतलीच.

अकरा महिन्यांपूर्वी गिलिसची बायको इझोबेल त्याच उशीवर डोकं ठेवून वारली होती. आणि सगळं विकून टाका, असं तोच म्हणाला होता.

मग मेंढ्या विकल्या गेल्या. स्पेन्सनं त्या कानांवरच्या खुणांसकट घेतल्या. लिलाववाला प्रिंगल लोकांना घेऊन घरामागच्या उतारावर गेला. तिथल्या फळ्यांच्या कुंपणावर खडूनं लिलावाचा आकडा घातला होता, सत्तेचाळीस.

"कोकरांचं कुंपण! पक्कं लाकूड, झुलतं दार. उपटून न्या. बोला!"

"दार झकास आहे," डॅलग्लीश म्हणाला. "पाच शिलिंग."

गिलिस गर्दीतून पुढे घुसला. "हे विकायचं नाही."

"यादीत आहे की, गिलिससाहेब."

"आत माझी बायको आहे."

प्रिंगलनं टोपी काढली, अंगठ्यानं आकडा पुसला आणि लगेच ओरडला, "अठ्ठेचाळीस! लोकर कातरायच्या कात्र्या! चला तिकडं."

लोक गेले. स्पेन्स थांबला.

"वाईट झालं हो. पण कळणार कसं? दगड नाही, क्रूस नाही. माझ्या गड्यांनी उद्या आजारी कोकरं कोंडली असती इथं."

गिलिसला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. स्पेन्स खोटं बोलत नव्हता. गिलिसच्या हाताला एकच कुंपण ठाऊक होतं, कोकरांचं; तेच त्यानं तिच्या कबरीभोवतीही घातलं. लोकर कातरून झाली की शहरातून दगड आणू, असं म्हणत अकरा महिने काढले.

"मेंढ्यांच्या जखमांना लावायचं डांबर कुठं ठेवलंत?" गिलिसनं विचारलं.

"शेडमध्ये. मेंढ्यांबरोबर तेही आता माझं आहे, पण घ्या."

गिलिसनं कुंपणाचं दार खिळे ठोकून कायमचं बंद केलं. काडी डांबरात बुडवून फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : इझोबेल गिलिस. अक्षरं वाकडी आली.

मग तो खाली उतरला आणि त्यानं मिसेस डॅलग्लीशच्या गाडीतून उशी उचलली.

"अहो, ती मी घेतलीय!"

"मेंढ्यांचा वास येतो हिला," गिलिस म्हणाला आणि उशी काखेत मारून चालू लागला.