क्रुमशाइडचा झेंडा

माझा नवरा एवाल्ट सव्वीस वर्षं क्रुमशाइडचा सरपंच होता, तोही बिनपगारी, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यानं मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या दोन्ही गुडघ्यांनी मिळून दिला नाही. दारू नाही, बाई नाही, पत्ते नाहीत. वेड होतं ते गावाच्या ढालीचं. आमच्या या डोंगरात वीस-वीस घरांच्या गावांनासुद्धा आपली ढाल आहे, ढालीवर आपलं चिन्ह आहे आणि ते मिरवणारा झेंडा आहे. आम्हालाच नव्हता. जिल्ह्याच्या मेळाव्यात प्रत्येक गाव आपापल्या झेंड्यामागे चालायचं आणि आम्ही चालायचो पुठ्ठ्यामागे. पुठ्ठ्यावर गावाचं नाव, काठी एवाल्टच्या हातात. शेजारच्या एर्लवाइलरच्या ढालीवर रानडुकराचं मुंडकं आहे, त्याचीच त्यांना कोण मिजास! दरवर्षी ओरडायचे, "आले बघा खोकेवाले." एवाल्ट हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवायचा नाही.

मला वाटायचं, एवढं काय त्यात, काढा चित्र आणि लावा. तसं नसतं. आधी राज्याच्या दप्तरखान्यानं चित्र पसंत करायचं, मग पंचायतीनं ठराव करायचा, मग जिल्हा कचेरीनं शिक्का मारायचा. पहिल्या चित्रात एवाल्टनं चर्च, ओढा, ओकचं झाड, पाटीच्या दगडाच्या खाणीतला हातोडा आणि माझ्या माहेरच्या गिरणीचं चाक असं सगळं कोंबलं. दप्तरखान्यानं कळवलं की ही ढाल आहे, कपाट नव्हे. दुसऱ्यात त्यानं काळ्यावर हिरवं झाड काढलं. रंगावर रंग चालत नाही म्हणे. रंग बसायचा तो चांदीवर नाहीतर सोन्यावर, म्हणजे पांढऱ्यावर किंवा पिवळ्यावर, नाहीतर दोनशे पावलांवरून काय आहे ते कळत नाही. तिसरं चित्र कुठल्या तरी लांबच्या गावाच्या ढालीशी तंतोतंत जुळलं, आणि एकच चिन्ह दोन गावांना मिळत नाही. एकेका उत्तराला दोन-दोन वर्षं लागायची.

चौथं चित्र एकदाचं पसंत झालं. पांढऱ्यावर काळा हातोडा आणि वर ओकची तीन हिरवी पानं. चाक गेलं. ओढ्याकाठच्या दर तिसऱ्या गावानं चाक घेतलंय, तेव्हा तुम्ही ते काढा, असं दप्तरखान्यानंच लिहिलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, पण माझा धाकटा भाऊ फोल्कमार पेटला. गिरणी तो सांभाळतो, म्हणजे तिच्यात राहतो. दळण बंद होऊन चाळीस वर्षं झाली. तीन गावांचं पीठ आमच्या आजोबांनी दळलं आणि ढालीवर हातोडा, असं तो चारचौघांत बोलत सुटला. फोल्कमार पंचायतीत आहे, आणि खालच्या आळीतली आणखी दोन मतं त्याच्या खिशात. पंचायत सात जणांची. ठराव दोनदा पुढे आला आणि दोनदा त्यानं काहीतरी खुसपट काढून तो लांबणीवर टाकला.

त्या वर्षी एकामागून एक दोन घाव बसले. एक जानेवारीपासून क्रुमशाइड एर्लवाइलरमध्ये विलीन होणार, हे वरून ठरलं. गावच उरलं नाही तर ढाल मागणार कोण? आधी मंजूर झालेलं चिन्ह मात्र वस्तीकडे कायमचं राहतं. म्हणजे एकतीस डिसेंबरच्या आत, नाहीतर कधीच नाही. आणि ऑक्टोबरात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की एवाल्टच्या यकृतात जे वाढलंय त्याला आता औषध नाही, नाताळ दिसला तर नशीब समजा.

मी शिवणकाम करते. दप्तरखान्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी झेंडा शिवून ठेवला होता, दोन्ही बाजूंनी, हातोड्याला दुहेरी टाके घालून. आता म्हटलं, निदान खिडकीसमोर लावते, पडल्या पडल्या दिसेल. एवाल्टनं मान फिरवली.

"शिक्का नाही तोवर ते कापड आहे, वाल्बुर्गा. झेंडा नाही. पेटीत ठेव."

मी ठेवलं पेटीत. झाकण आपटलं, ते त्याला ऐकू जावं म्हणूनच.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारची सभा शेवटची होती. वरच्या आळीची तीन मतं ढालीच्या बाजूनं, फोल्कमारची तीन विरुद्ध. समसमान झालं तर ठराव पडतो. म्हणजे एवाल्टचं मत पडायलाच हवं, आणि एवाल्ट तर पलंगावरून उठू शकत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हलवलंत तर रक्तस्राव होईल, मग माझ्याकडे येऊ नका. तेव्हा मीच म्हटलं, सभा आमच्या निजायच्या खोलीत घ्या. कायद्यानं चालतं. फक्त जागा आणि वेळ गावच्या साप्ताहिक पत्रकात आधी छापून यावी लागते आणि दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. एवाल्टनं सूचना सांगितली, मी ती टाइप करून पत्रकाकडे पाठवली. गेल्या महिन्याच्या सूचनेवरच तारीख बदलली, विषय बदलला. त्या दिवशी दुपारी त्याला तीनदा उलटी झाली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. झालं ते असं झालं.

शुक्रवारी पाच वाजता सगळे जमले. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या पलंगाभोवती मांडल्या, इतिवृत्त लिहिणारी हायडरून माझ्या शिवणयंत्रावर वही ठेवून बसली. मी उंबऱ्यावर उभी राहिले, कारण मी पंचायतीत नाही, मी प्रेक्षक. चर्चा झाली नाही. हायडरूननं ठराव वाचला. वरच्या आळीचे तीन हात वर झाले आणि पलंगावर एवाल्टचा हात कोपरातून उठला. चार. विरोधात तीन, फोल्कमारचा सगळ्यांत उंच. मंजूर. मी तोंडात एप्रनचं टोक कोंबून रडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या हातोड्यावर माझं प्रेम बसलं.

मग एवाल्टनं पत्रक मागितलं. इतिवृत्ताला सूचनेचं कात्रण जोडावं लागतं, आणि जोडण्याआधी ते वाचावं लागतं, असा त्याचा खाक्या. त्यानं वाचलं. परत वाचलं. नजर माझ्याकडे वळली, त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सूचनेत जागा छापली होती आगीच्या बंबाची शेड. नेहमीची जागा. ती मी बदललीच नव्हती.

हायडरून म्हणाली, कुणाच्या लक्षात येतंय, सगळे तर इथेच आहेत. वरच्या आळीचे तिघेही तेच म्हणाले. मी फोल्कमारकडे बघितलं. मला खात्री होती की आता हा जिंकला म्हणून मिशीत हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मी तक्रार करणार नाही." माझ्या भावाच्या तोंडून मी एवढं मोठं दान आयुष्यात ऐकलं नव्हतं.

एवाल्टनं मान हलवली. "कुणी शेडवर येऊन बंद दार बघून परत गेलं असेल. सभा बेकायदा. ठराव रद्द. हायडरून, लिही."

मी संतापले. शोभेल की नाही याचा विचार न करता सगळ्यांसमोर बोलले की अरे माणसा, मरायला टेकलास तरी तुझे नियम सुटत नाहीत, कोण येणार होतं तुझ्या शेडवर, कुत्रं तरी आलं असतं का? पुढची सूचना छापायला आठवडा लागणार, कचेरीची नाताळची सुट्टी लागणार, तुझ्याकडे आठवडा आहे का? हे शेवटचं मी बोलायला नको होतं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एवाल्टनं डोळे मिटले होते, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

फोल्कमार भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. साडेपाच झाले होते. तो म्हणाला की सूचनेत पाचची वेळ आहे, उशिरा सुरू केलेली सभा ही सभाच असते. बंबाची शेड इथून दोनशे पावलं, किल्ली त्याच्याच खिशात, कारण गावच्या अग्निशमन दलाचा म्होरक्या तोच. स्ट्रेचरही तिथेच.

"डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय," मी म्हणाले.

"मला माहीत आहे, बुर्गेल. म्हणून तुला विचारतोय."

लहानपणीच्या नावानं तो मला आईच्या मयतानंतर पहिल्यांदा हाक मारत होता. मी एवाल्टकडे बघितलं. त्यानं डोळे उघडले होते आणि तो काही मागत नव्हता, नुसता बघत होता. हो म्हटलं तर मी त्याला मारणार, नाही म्हटलं तरी तो मरणारच, पण पुठ्ठेवाला म्हणून. मी कपाटातून दोन्ही रजया काढल्या आणि लोकरीची टोपी त्याच्या कानांवर ओढली.

रस्त्यावर बर्फ गोठलेलं होतं. चौघांनी स्ट्रेचर धरलं, डोक्याकडून फोल्कमार. प्रत्येक हिसक्याला एवाल्ट कण्हायचा आणि मी बाजूनं चालत देवाला शिव्या घालत होते. शेडमध्ये त्याला बंबाच्या नळ्या गुंडाळायच्या लांब टेबलावर ठेवलं. दार सताड उघडं ठेवलं, थंडी आत येऊ दिली, कारण सभा सार्वजनिक. हायडरूननं पावणेसहाची नोंद करून पुन्हा ठराव वाचला.

वरच्या आळीचे तीन हात वर झाले. एवाल्टचा झाला नाही.

रजईखालून बोटं हलत होती, हात उठत नव्हता. वाटेत सगळी शक्ती संपली होती. मी धावले, त्याचं मनगट धरलं. नुसतं वर उचलायचं होतं, एक वीतभर.

"प्रेक्षकांनी जागेवर बसावं," फोल्कमार म्हणाला.

त्या क्षणी मी माझ्या सख्ख्या भावाचा जीव घेतला असता. पण एवाल्टनं माझ्या हातातलं मनगट हळूच सोडवलं. त्यालाही तेच म्हणायचं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि सगळं संपलं हे मला कळलं. तीन विरुद्ध तीन. हायडरून पेन धरून थांबली होती, लिहीत नव्हती.

तेव्हा फोल्कमारनं हात वर केला. जमिनीकडे बघत, ओझं उचलावं तसा. खालच्या आळीच्या दोघांनी त्याच्याकडे बघितलं, पण त्यांचे हात खालीच राहिले.

"चार," एवाल्ट म्हणाला. एवढाच एक शब्द. मग हायडरूननं वही त्याच्यासमोर धरली आणि त्यानं सही केली, सही कसली, नुसती रेघ.

परत येताना मी फोल्कमारला विचारलं, का रे? फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "स्वतःचा जिंकलेला ठराव त्यानं स्वतः फाडला. अशा माणसाविरुद्ध मत देऊन मी करणार काय?"

सोमवारी तो स्वतः गाडी काढून कागद जिल्हा कचेरीत देऊन आला. तिथल्या बाईंनी सांगितलं, बघू, सुट्टीआधी जमलं तर. त्यानंतर एवाल्ट रोज सकाळी विचारायचा, पत्र आलं का. खोटं बोलावंसं मला किती वाटलं ते माझं मला माहीत. आलं म्हटलं असतं तर तो सुखानं गेला असता. पण त्यानं शिक्का बघायला मागितला असता. म्हणून रोज मी नाही म्हणायचे, आणि तो म्हणायचा, येईल. पुढच्या आठवड्यात बुधवारी पहाटे त्यानं विचारलं नाही.

पत्र शुक्रवारी आलं. शिक्क्यावरची तारीख गुरुवारची. एक दिवसाचा फरक. ते हातात धरून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि ओरडले, नुसती ओरडले. शेजारी धावत आले.

सोमवारी दफन होतं. सकाळी मी पेटी उघडली आणि झेंडा फोल्कमारच्या हातात दिला. बंबाच्या शेडसमोर सगळा गाव उभा होता, एर्लवाइलरवाले सुद्धा टोप्या काढून आले होते. आमचा पहिला झेंडा चढणार होता तो सुतकाचा, अर्ध्यावर. आठवडाभरात गाव संपणार होतं. पण अर्ध्यावर आणण्याआधी झेंडा एकदा पार टोकापर्यंत न्यावा लागतो, असा नियम आहे, आणि दर नोव्हेंबरात, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनी देशाचा झेंडा चढवताना, एवाल्ट तो नियम सगळ्यांना ऐकवायचा.

फोल्कमारनं दोरी ओढली. झेंडा टोकाला गेला, वारा लागला, आणि पांढऱ्यावर काळा हातोडा लख्ख उघडला. दोनशे पावलांवरून दिसत होता. आमच्या गिरणीचं चाक त्यावर नव्हतं. फोल्कमार वर बघत होता. मग तो दोरी सोडू लागला.

"थांब," मी म्हणाले.

"नियम आहे, बुर्गेल. खाली घ्यायचा असतो."

"माहीत आहे मला. शवपेटी अजून वळणावर आहे. ती इथून पुढे जाऊ दे."

त्यानं दोरी हाताला गुंडाळली आणि धरून ठेवली. एवाल्टची शवपेटी वळणावरून आली, खांबाजवळून गेली, दफनभूमीच्या चढाला लागली. मग मी फोल्कमारला म्हटलं, आता घे खाली.