सातव्या घराचा चौकोन

मित्रांनो, आपलं कौतुक सांगायला कोणालाही आवडतं. मलाही आवडलं असतं. पण आज मी तुमच्यासमोर आले आहे ती मान खाली घालून. मी जपानातल्या एका गावची, देवदाराची एक जुनी फळी आहे. डोक्यावर पितळी चिमटा, एका कोपऱ्याला भोक आणि त्यात ओवलेली दोरी. चिमट्यात आळीच्या सूचना अडकवायच्या आणि मला या घरातून त्या घरात पोचवायचं, एवढंच माझं काम.

चाळीस वर्षांपूर्वी आळीतल्या तोकुजो सुताराने एका उरलेल्या तुकड्यावर रंधा मारून मला घडवलं. कडा घासताना तो बायकोला म्हणाला होता, "हिला म्हाताऱ्यांचे हात लागणार, पोरांचे लागणार. कोणाला कुसळ टोचता कामा नये." मला ते फार आवडलं. कोणाला टोचायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

बारा घरांची आमची आळी. प्रत्येक सूचनेखाली बारा चौकोन आखलेले असत. सूचना वाचायची, आपल्या चौकोनात नावाचा लाल शिक्का उठवायचा आणि मला शेजारी नेऊन द्यायचं. गटारं कधी साफ करायची, देवळाच्या उत्सवाला भाताचे गोळे कोणी करायचे, कोणाकडे मयत झाली, सगळं माझ्या अंगावर असे. खरं तर कागद हे नुसतं निमित्त. मला पुढे करून बायका दारात अर्धा अर्धा तास बोलत. "मुळा बघा कसा झालाय, घेऊन जा," म्हणत. माझ्यासोबत मुळे गेले, लोणची गेली, दोन लग्नंही माझ्यामुळेच जुळली. तेव्हा माझा रुबाब काही विचारू नका!

पुढे फोन आले आणि मला कोणी हातोहात देईना. दाराशी टेकवून लोक निघून जाऊ लागले. पावसात माझा चिमटा गंजला. पण त्याचं मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

सातव्या घरातली म्हातारी वारली आणि घर दोन वर्षं बंद राहिलं. तिच्या चौकोनावर काट मारली गेली. मग एका वसंतात तिथे मारिसेल राहायला आली. फिलिपिन्सची. गावातल्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांची देखभाल करते. आल्या आल्या तिने साबणाच्या वड्या घेऊन अकराही दारं वाजवली, वाकून नमस्कार केला. रीत तिला पुरती ठाऊक होती.

त्या वर्षी आळीचं काम सहाव्या घरातल्या कोमुरोसानकडे होतं ('सान' म्हणजे तुमचं 'बाई' किंवा 'राव'). नवी यादी त्यांनीच लिहिली. नवरा म्हणाला, "सातव्या घराचं काय?" तर म्हणाल्या, "अहो, बिचारीला आपली अक्षरं कुठून वाचता येणार? तिला कशाला त्रास!" झालं. यादीत अकराच चौकोन आखले गेले. कोमुरोसान मला काखेत घेऊन सातव्या दारावरून सरळ आठव्याकडे जाऊ लागल्या. खिडकीतून मारिसेल बघायची आणि हसून मान लववायची. कोमुरोसान दुप्पट वाकून मान लववत. आणि मी, कोणाला टोचायचं नाही म्हणणारी, त्यांच्या काखेत गुपचूप पडून असे.

जूनमध्ये कचऱ्याचा वार बदलला. मंगळवारचा बुधवार झाला. ती सूचना माझ्याच अंगावर होती, म्हणजे मारिसेलला ती कळणार कुठून? तिने मंगळवारीच पिशवी ठेवली. लाल चिठ्ठी लावून पिशवी परत तिच्या दारात आली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मग माझ्या चिमट्यात एक कागद लागला, 'काही घरांकडून कचऱ्याचे वार पाळले जात नाहीत. कृपया लक्ष द्यावे.' नाव नव्हतं. आमच्याकडे नाव घेत नाहीत. पण 'काही घरं' म्हणजे कोणतं, हे अकराही घरांना कळलं. ज्या एका घरासाठी तो कागद होता, तेवढ्याच घरी मी गेले नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला चुलीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात माझ्याबरोबर पिवळी फडकी वाटली गेली. भूकंप झाला आणि घरातले सगळे धड असले, की फडकं फाटकाला बांधायचं. पिवळं दिसलं की लोकांनी पुढे जायचं, नसेल तिथे आत शिरायचं. फडकी अकराच आली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी जमीन हादरली. मी तेव्हा आठव्या घरात, चपलांच्या कपाटावर पडून होते. तिथे कुरोइवासान एकटे राहतात. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, म्हणून मी दोन दिवस तिथेच अडकले होते. पहिल्याच धक्क्याला मी खाली आले आणि पाठोपाठ ताटल्यांचं मोठं कपाट त्यांच्या पायावर पडलं. जमीन थांबल्यावर बाहेर पावलं वाजली. कोमुरोसान फाटकं मोजत येत होत्या. "पाच, पिवळं. सहा, आमचंच. आठ..." सात म्हटलंच नाही! सातव्या फाटकावर काहीच नव्हतं, म्हणजे आधी तिथेच शिरायला हवं होतं. पण जे घर यादीत नाही ते कोण मोजणार?

"आठ, पिवळं. कुरोइवासान बरे आहेत. चला नवव्याकडे."

कुरोइवासान हाक मारत होते, तीही कशी? "माफ करा हं... जरा... तुम्हाला तसदी..." आवाज इतका बारीक की माझ्यापर्यंतच जेमतेम पोचत होता. पावलं लांब गेली. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी पडले फळी.

तेवढ्यात दार सरकलं. "आजोबा! मी शेजारची, मारिसेल. आत येते हं!" रात्रपाळी करून आलेली, केस विस्कटलेले. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. "हलू नका. पायाची बोटं हलवून बघा. शाब्बास!" मग तिने गल्लीत जाऊन अशी बोंब ठोकली की दहा घरं धावत आली. चौघांनी कपाट उचललं.

"अहो, पण पिवळं होतं ना फाटकाला!" कोमुरोसान फाटकाकडे बोट दाखवत म्हणाल्या.

कुरोइवासान डोळे मिटून म्हणाले, "मिळालं त्या दिवशीच बांधून टाकलं. म्हटलं, माझ्यासाठी कोणाला खेटे नकोत."

"पिवळं म्हणजे काय?" मारिसेलने विचारलं.

सगळे जमिनीकडे बघत होते आणि जमिनीवर मी पडले होते.

पुढच्या आठवड्यात कोमुरोसान मला घेऊन सातव्या दारी उभ्या राहिल्या. नव्या यादीत बारा चौकोन होते. "तुम्हाला वाचायला अवघड जाईल, म्हणून आम्ही..." त्या पुटपुटल्या.

"मी आश्रमात रोज चौदा जणांच्या नोंदी लिहिते," मारिसेल शांतपणे म्हणाली. "तुमच्याच अक्षरांत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

ती माझ्यावरचे कागद एकेक करून उलटू लागली. सगळ्यात खाली तो जूनचा कागद राहून गेला होता. कोमुरोसाननी तो काढायला घाईने हात पुढे केला. "तो जुना आहे हो..."

"असू दे. मला आलाच नव्हता." तिने तो उभ्या उभ्या वाचला. मग आत जाऊन पेन आणि आपला शिक्का घेऊन आली. अकरा चौकोनांच्या शेवटी तिने स्वतःच्या हाताने बारावा आखला आणि 'काही घरांकडून'च्या खाली आपल्या नावाचा शिक्का दाबला.

"वाचलं," ती म्हणाली.

कोमुरोसान वाकल्या त्या किती तरी वेळ वर आल्या नाहीत.

तो कागद अजून माझ्या चिमट्यात आहे. कोमुरोसान तो कोणाला काढू देत नाहीत. मित्रांनो, माझा गंज नाही काढलात तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, तुमच्या इमारतीत 'तिला कशाला त्रास' म्हणून कोणीतरी सोडून दिलेली असेल. तिचं दार वाजवा. तेवढा त्रास तिला जरूर द्या.