सोडलेली कॉफी

विष्णुपंत पोतनिसांची हिंदी अशी चोख, की बँकेतल्या हिंदी पखवाड्याच्या, म्हणजे पंधरवड्याच्या, स्पर्धेचं पहिलं बक्षीस सहा वर्षं कुणाच्या बापाला त्यांच्या हातून काढून घेता आलं नाही. शुक्ला, त्रिवेदी, मिश्रा, सगळे जन्माचे हिंदीवाले टाळ्या वाजवत बसायचे आणि शाल-श्रीफळ घेऊन जायचा उज्जैनच्या फ्रीगंजातला हा मराठी माणूस. घरात मराठी, दारात हिंदी, आणि दोन्हींत माझा हात धरणारा उज्जैनमध्ये अजून जन्माला यायचाय, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालंच नसतं.

त्यांची बायको वासंती रतलामच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. तिथं शेजारी अय्यर मामी होत्या. त्या मामींनी या पोरीला पितळी फिल्टर आणि कॉफीचं वेड, दोन्ही देऊन टाकलं. लग्न होऊन उज्जैनला आली तर सासरी सगळे चहावाले. सकाळी चहा, दुपारी चहा, पाहुणा आला की चहा. वासंतीबाईंनी कुणाशी वाद घातला नाही. सगळ्यांचे चहा करून झाले, भाजी फोडणीला पडली, नवरा बँकेत गेला, की साडेदहाला मागच्या दारात पाय बाहेर सोडून त्या कॉफी घेऊन बसायच्या. त्या वीस मिनिटांत घराला आग लागली असती तरी बाई उठली नसती. विष्णुपंत त्याला काढा म्हणायचे. तीस वर्षांत त्यांनी एक घोट चाखून पाहिला नाही आणि वर चेष्टा करायची हौस मात्र दांडगी.

सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी वासंतीबाईंच्या छातीत गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं झाली, केस गेले, पुन्हा आले. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं पथ्याची चिठ्ठी खरडून दिली. घाईचं हिंदी अक्षर, ना टिंब ना स्वल्पविराम. आता विष्णुपंतांना असली चिठ्ठी सहन होणार होती होय? आयुष्य दुसऱ्यांच्या मसुद्यांच्या फेअर कॉप्या करण्यात गेलेलं! घरी आल्या आल्या त्यांनी पांढरा पुठ्ठा घेतला, लाल शाईनं समास आखला आणि आकडे घालून यादी केली. तेल कमी. मिर्ची कमी. कॉफी कमी. फळं, पालेभाज्या रोज. अर्धा तास चालणे. पुठ्ठा स्वयंपाकघरात टांगला आणि चिठ्ठी फायलीत लावली.

"चहा चालतो आणि कॉफी नाही?" वासंतीबाईंनी पुठ्ठ्यासमोर उभं राहून विचारलं. "हे काय भलतंच?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"कमी लिहिलंय ना? मग सकाळचा एक कप."

"कमी म्हणजे शहाण्यानं बंद समजायचं. वासंती, या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही."

रागानं नाही बोलले हो. ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला होता. त्यांना काहीतरी घट्ट धरायला हवं होतं आणि हातात सापडला तो पुठ्ठा. वासंतीबाईंना ते कळत होतं. दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी त्या म्हणाल्या, "चला, रामघाटावर जाऊन येऊ."

घाटावर त्यांचे गुरुजी होते. तीर्थाला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. काशीला जाऊन कुणी वांगं सोडतं, कुणी आंबा. वासंतीबाईंनी क्षिप्रेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी कॉफी सोडली." गुरुजी जरा अडखळलेच. संकल्पात कॉफीला संस्कृत शब्द कुठून आणायचा? शेवटी "काफीपेयं" असं काहीतरी ठोकून दिलं, आणि ओंजळ नदीत रिकामी झाली.

"माणसाच्या पुठ्ठ्यासाठी सोडायचं जिवावर येत होतं," परतताना त्या म्हणाल्या. "देवाला दिली म्हणजे मागे बघायला नको."

आणि तीन वर्षं त्यांनी मागे बघितलं नाही. दर सहा महिन्यांनी इंदूर. डॉक्टर विचारायचे, "परहेज़ चल रहा है?" त्या तोंड उघडायच्या आत विष्णुपंत छाती काढून सांगायचे, "शत-प्रतिशत!" रिपोर्ट स्वच्छ यायचे. गल्लीत केबल आलं, नाक्यावर एसटीडीचा पिवळा बूथ आला, पुण्याच्या लेकीचे फोन स्वस्तात यायला लागले, आणि वासंतीबाई प्रत्येक फोनवर सांगायच्या, "अगं, मला काही होत नाही आता. मी माझी कॉफी देऊन बसलेय." शेजारच्या शैलाताईंनाही तेच, भाजीवालीलाही तेच. हसत सांगायच्या, पण ते हसण्यावारी नव्हतं. बाईची त्यावर श्रद्धा बसली होती.

मध्ये एकदा मात्र वाईट झालं. शैलाताईंच्या मुलाच्या लग्नात ते नवं एस्प्रेसोचं मशीन लावलं होतं. सूं सूं वाफ सोडणारं, वर चॉकलेटची पूड भुरभुरवून देणारं. सारं वऱ्हाड जेवण सोडून तिथं लोटलेलं. विष्णुपंतांनी लांबून पाहिलं तर बायको दोन्ही हातांत कप धरून उभी. त्यांचं टाळकंच फिरलं. तरातरा गेले आणि चारचौघांत तिच्या हातातला कप हिसकून घेतला. कॉफी तिच्या पैठणीवर सांडली.

"मरायचंय का तुला?"

"शैलाताईंनी धरायला दिला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मी नुसता वास घेत होते हो."

आजूबाजूचे हसले. त्या दिवसभर मान खाली घालून वावरल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "देवाला दिलेला शब्द मी मोडेन, असं वाटलं तुम्हाला?" विष्णुपंतांनी चूक कबूल केली नाही. करायला हवी होती.

शहाण्णवच्या श्रावणात पाठ दुखायला लागली. तेल चोळून झालं, शेक देऊन झाला, आणि शेवटी दोघं इंदूरला गेले. जुने डॉक्टर बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. वासंतीबाईंना एक्स-रेला आत नेलं. बाहेर विष्णुपंतांनी तारीखवार लावलेली फाईल बाईंपुढे ठेवली. बाई पानं उलटत एकेक कागद पुटपुटत वाचत होत्या.

"तेल-मिर्च काफ़ी कम करें, फल-सब्ज़ी लें, रोज़ टहलें. ठीक है, यही चलने दीजिए."

विष्णुपंतांच्या कानांनी ते ऐकलं. काफ़ी कम. म्हणजे बरंच कमी. तेल आणि मिर्ची बरीच कमी करा, एवढंच त्या सिस्टरनं लिहिलं होतं. कॉफीचं त्यात नावसुद्धा नव्हतं. हिंदीत हॉटेलांच्या पाट्यांवर कॉफीला काफीच लिहितात, हे ज्याला पक्कं ठाऊक तोच तिथं फसणार. एखाद्या अडाण्यानं चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेतली असती आणि त्याची बायको सुखानं कॉफी पीत राहिली असती.

"मॅडम," त्यांनी कसंबसं विचारलं, "कॉफ़ी पी सकती हैं ये?"

"हाँ हाँ, एक-दो कप में क्या है. किसी ने मना किया था क्या?"

"जी नहीं," सहा बक्षिसांचे धनी म्हणाले. "किसी ने नहीं."

मग बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि छातीतलं दुखणं हाडांपर्यंत गेलंय हे सांगितलं. औषधं देऊ, बघू, म्हणाल्या. बघू म्हणताना त्यांनी नजर चुकवली.

परतीच्या बसमध्ये विष्णुपंतांनी मनाशी हजारदा वाक्य जुळवलं. सांवेर गेलं, उज्जैन आलं, वाक्य घशातच. घरी पोचल्यावर त्यांना पळवाट सुचली. अपराध तेवढा लपेल आणि कॉफी तेवढी मिळेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

"डॉक्टरीण म्हणाली, आता कॉफी चालेल तुला."

वासंतीबाई पाणी पीत होत्या. तांब्या तसाच हातात राहिला.

"आता?"

"हो. आता काही हरकत नाही म्हणाली."

"आता सगळंच चालेल म्हणाली असेल," त्या म्हणाल्या. "पेशंटला काय हवं ते द्या, असंच सांगतात ना शेवटी?"

"तसं नाही गं!"

"मग कसं? तीन वर्षं नाही चालली आणि आज एकदम चालायला लागली?"

विष्णुपंत फाईल उचलून कपाटात ठेवायला गेले.

"मला नको कॉफी," त्या म्हणाल्या. "मी एवढ्यात जात नाहीये."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हट्टच धरला. देवाला कॉफी पुरली नसेल तर आणखी देऊ. आधी गोड सोडलं. मग दही सोडलं. मग भात. चालवत नव्हतं म्हणून घाटावर जाता येईना, तर देवघरातल्या पळीभर पाण्यावर सोडायला लागल्या. अंगावरचं मांस झरझर उतरलं. शैलाताई साबुदाण्याची खीर घेऊन आल्या, ती तशीच परत गेली. पुण्याहून लेक आली, रडली, भांडली, रजा संपली म्हणून गेली. आई तिला म्हणाली, "तू घाबरू नकोस. मागच्या वेळी एकच वस्तू दिली तर तीन वर्षं मिळाली. आता तर चार दिल्यात."

विष्णुपंत हे सगळं ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. गप्प राहावं तर बायको आपल्या चुकीवर उपाशी मरणार. बोलावं तर जिच्यावर तिचा सारा धीर उभा आहे, ती गोष्टच खोटी ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. ज्या सकाळी ती म्हणाली, "उद्यापासून दूधही सोडते," त्या सकाळी त्यांच्यानं राहवेना. फाईल काढली आणि ती चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"वाच."

तिनं चष्मा लावला. "तेल मिर्च काफी कम करें." पुन्हा एकदा वाचलं. बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली. तिलाही हिंदी येत होतीच की.

"म्हणजे बरंच कमी," ती म्हणाली.

"हो."

"कॉफी नाही."

"नाही. मी चुकीचं वाचलं, वासंती. त्या दिवशी इंदूरला कळलं. तोंडच झालं नाही सांगायचं." ते तिच्या पायांशी खाली बसले. "तू सगळं सोडायला लागलीस. काही सोडायची गरज नाहीये गं. जेव. माझ्यासाठी जेव."

तिला आधी संताप आला. "तुमची ती सहा बक्षिसं!" ती म्हणाली आणि चिठ्ठी त्यांच्या अंगावर भिरकावली. "भर लग्नात कप हिसकलात माझ्या हातून!" त्यांनी मान वर केली नाही. मग तिचा राग निघून गेला, आणि तो गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते रागापेक्षा कितीतरी वाईट होतं.

"हे मला कशाला सांगितलंत?" तिनं विचारलं. "मला वाटत होतं, मी देतेय म्हणून तो देतोय. एवढं तरी माझ्या हातात आहे, असं वाटत होतं."

"तीन वर्षं तर दिलीच ना त्यानं?"

"कशाबद्दल दिली? तुमच्या चुकीबद्दल?"

दोघंही रडली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि एकमेकांसमोर अशी ती कधी रडली नव्हती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"करा कॉफी," ती म्हणाली.

पूड त्यांनी एक्स-रे झाला त्याच आठवड्यात इंदूरहून आणून लपवून ठेवली होती. फिल्टर फळीवरून काढून चिंचेनं घासला. कॉफी त्यांनी जन्मात केली नव्हती. ती खाटेवरून सांगत होती, ते करत होते. पूड दाबू नका फार. पाणी उकळतं हवं. झाकण ठेवा आणि आता हात लावू नका, थेंब थेंब पडू दे. वीस मिनिटं ते ओट्याशी खाली मान घालून उभे राहिले.

तिनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "साखर थोडी कमी चालेल," म्हणाली. सगळा कप प्यायली. दुपारी भात खाल्ला, दही घेतलं, शैलाताईंनी पुन्हा करून आणलेली खीरसुद्धा खाल्ली. विष्णुपंतांना वाटलं, जिंकलो.

त्यानंतर रोज साडेदहाला ते कॉफी करायचे. हात बसला, चवही जमली. ती म्हणायची, "आज छान झालीय." पण तिनं पुण्याच्या फोनवर मला काही होत नाही म्हणणं बंद केलं. औषधं पुढे केली की घ्यायची, नाही केली तर मागायची नाही. सकाळी कप घेऊन जवळ जाताना विष्णुपंतांना रोज वाटायचं, आज तरी ही कप परत लोटेल, आज तरी भांडून म्हणेल, नको मला, मी एवढ्यात जात नाहीये. तेवढं एक ऐकायला तो माणूस कासावीस झाला होता.

ती कार्तिकात गेली, तोवर एकही दिवस तिनं कॉफीला नाही म्हटलं नाही.