भिंतीवरची नऊ शेपटं

आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर माझ्या बाबांची नऊ शेपटं टांगलेली आहेत. शर्टांची. आमच्याकडे हरणावर गोळी झाडली आणि हरीण चालत आपल्या घरी गेलं, तर झाडणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक सुरीने कापतात, त्यावर नाव आणि साल लिहितात आणि खिळा ठोकून भिंतीला लावतात. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण चर्चच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळला जातो.

उर्होकाकांचं त्या भिंतीवर एकच शेपूट आहे, १९७१ चं, आणि विषय निघाला की ते अजून त्या दिवशीच्या धुक्याला शिव्या देतात. बाबांची मात्र नऊ, ओळीने, एकही वर्ष न चुकता. चौकड्यांची, रेघांची, एक तर आईने वाढदिवसाला दिलेल्या कोऱ्या करकरीत शर्टाचं. "आर्विड कांगसच्या बंदुकीसमोर उभं राहा, सगळ्यात सुरक्षित जागा," असं पेट्रोलपंपावर लोक म्हणायचे. बाबाही हसायचे आणि कॉफी ओतून घ्यायचे.

मार्चमध्ये छपरावरचा बर्फ काढताना ते गेले. अंत्यविधीला पास्टर म्हणाले, "आर्विडने आयुष्यात कुठल्याच जिवाला इजा केली नाही." मागच्या तीन बाकांवरून हसू फुटलं. लोक चांगले होते, हसूही प्रेमाचंच होतं. पण मला ते गिळता आलं नाही.

"काका, ती शेपटं उतरवा," मी त्याच दिवशी म्हणालो.

उर्होकाका बाबांचे मोठे भाऊ, कॅम्पचे कर्तेधर्ते. त्यांनी बराच वेळ कॉफी ढवळली. ते कॉफीत साखर घालत नाहीत.

"नियम आहे, नीलो. पण एक करू. नोव्हेंबरात तू बापाच्या जागेवर बस. तिथून एक नर पाड. कांगसांची लाज कांगसाने धुतली असं होईल. त्याच संध्याकाळी नऊच्या नऊ काढून शेगडीत घालतो."

मी हो म्हणालो. तोवर मी आयुष्यात मारलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांची टपालपेटी, आणि तीसुद्धा गाडीने.

म्हणून ड्वाइटदाजींना बोलावलं. दाजी म्हणजे उर्होकाकांचे जावई, मोठ्या पुलापलीकडच्या, दक्षिणेकडच्या शहरी भागातले. शिकारीचं सामान विकतात. आमच्याकडे लोक हरणाच्या वाटेवर बादलीभर सफरचंदं ओततात आणि बसतात. दाजींना हे रानटी वाटतं.

"हरणाचं नाक म्हणजे पोलीसखातं," ते म्हणाले. "आधी तू वासातून नाहीसा व्हायला हवास. आहेस, पण नाहीस. कळलं?"

"कळलं. शाळेत मी असाच होतो."

हंगामाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दोनदा साऊनाच्या वाफेत बसवलं, बिनवासाच्या साबणाने घासलं, खाण्याच्या सोड्याने दात घासायला लावले. कॉफी बंद, कांदा बंद, कुत्र्याला हात लावणं बंद. शिकारीचे कपडे देवदाराच्या पाल्यासकट पिशवीत बांधून ठेवलेले.

उर्होकाका दारात उभे राहून बघत होते. "जावईबापू, पोराला वाफवलंत, धुतलंत, सोडा लावलात. ओव्हनमध्ये कधी घालताय?"

"मामंजी, हे शास्त्र आहे."

"असेल. वरून बटाटे घाला म्हणजे झालं."

सगळ्यात शेवटी दाजींनी बाटली काढली. माजावर आलेल्या हरणीचं मूत. बाटलीवर हरणीचा फोटो होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिला या व्यवहाराची कल्पना नसावी. "कापसाचा बोळा भिजवायचा, फांदीला टांगायचा. तीन मैलांवरचा नर वेडा होऊन धावत येतो," दाजी म्हणाले.

पंधरा नोव्हेंबरला उजाडायच्या आधी मी बाबांच्या जागेवर बसलो. जागा म्हणजे हेमलॉकच्या बुंध्याला टेकवलेली फळी आणि समोर फांद्यांचा गुडघाभर आडोसा. वीस पावलांवर वीज पडून मोडलेल्या देवदाराचा एक जाड खुंट. त्याच्या अलीकडे मी गाजरं, बीट आणि सफरचंदं अशी मांडली होती की लग्नात सुद्धा कुणी मांडत नाही. वर फांदीला बोळा.

आठ वाजता खार आली. तिने बीट हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. साडेदहाला पास्टरांचा कुत्रा आला. तो बोळ्याखाली बसला, वर बघत राहिला आणि दुपारपर्यंत प्रेमात होता. शेवटी मीच त्याला घरी पोचवलं. पास्टर म्हणाले, "हल्ली तो प्रार्थनेलासुद्धा इतका स्थिर बसत नाही."

त्या गडबडीत बाटलीचं झाकण गाडीत नीट लागलं नाही आणि परतताना ती माझ्या मांडीवर उपडी झाली. कॅम्पमध्ये शिरलो तेव्हा काकांनी पत्ते खाली ठेवले.

"नीलो, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ती पँट बाहेर जाईल."

पँट गेली, जाकीट गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घालायला काकांची जुनी पँट होती आणि साऊनाच्या चुलीमागे खिळ्याला बाबांचा लोकरी कोट. मार्चपासून कुणी त्याला हात लावला नव्हता. मी तो उतरवला, आणि बाबा खोलीत आले. धूर, डिझेल, उकळलेली कॉफी, ओली लोकर आणि या सगळ्याच्या तळाशी वेलदोडा. मी चुलीत लाकूड नसतानाही जरा वेळ चुलीकडे बघत उभा राहिलो.

"हा घालून जाणार?" दाजींचा आवाज चिरकला. "अरे, हा कोट म्हणजे जंगलातल्या एकूणएक हरणाला पाठवलेलं पत्र आहे!"

"असू दे," काका म्हणाले. "त्याच्या बापाचं पत्र आहे."

कोटावर, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावी म्हणून घालतात ती नारिंगी बंडी चढवली आणि जाऊन बसलो. रात्री बोटभर बर्फ पडला होता. गाजरं झाकून गेली होती, मला उकरायचा कंटाळा आला. बाटली नव्हती, बोळा नव्हता, माझ्या अंगाला सगळ्या जगाचा वास येत होता. काही येणार नाही याची खात्री झाल्यामुळे मी पहिल्यांदाच आरामात बसलो.

पाव तासात माझ्या कानामागे कुणीतरी श्वास सोडला.

हरणी होती. वयस्कर, डावा कान फाटलेला. ती बुंध्याला वळसा घालून पुढे आली, गाजरांकडे ढुंकूनही न बघता सरळ माझ्या उजव्या खिशाशी गेली आणि त्यात नाक खुपसलं. उधारी वसूल करायला आल्यासारखं. मी अगदी सावकाश हात घातला. खिशात पावाचा तुकडा होता, दगडासारखा वाळलेला. निसू, आईचा वेलदोड्याचा पाव. हंगामात बाबा आठवड्याला चार पाव घेऊन जायचे. "हा माणूस चार पाव खातो आणि पट्टा एक भोक आत जातो," आई म्हणायची. डॉक्टरांनासुद्धा विचारलं होतं तिने.

हरणीने तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि कुडुमकुडुम चावू लागली.

आणि तिच्या मागून नर आला.

येणारच. नोव्हेंबर, हरणांच्या माजाचा महिना होता. दाजी बाटलीत भरून जे विकतात, ते चार पायांवर माझ्याशेजारी उभं राहून पाव खात होतं. आठ टोकांची शिंगं, मान फुगलेली. खुंटापाशी येऊन तो आडवा उभा राहिला, खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यावर असतो तसा. वीस पावलं. मी बंदूक उचलली. आता अगदी टपालपेटी मारणाराही चुकला नसता. नऊ शेपटं मला शेगडीत जळताना दिसली. पेट्रोलपंपावर कुणी काही म्हणणार नव्हतं.

हरणीने चावणं थांबवलं, बंदुकीची नळी हुंगली आणि पुन्हा खिशाकडे वळली.

तिथेच माझं अडलं. ती बंदुकीला घाबरलीच नाही. हा कोट, ही बंदूक आणि पाव, हे तिच्या लेखी एकच माणूस होतं, आणि त्या माणसाकडून तिला आजवर काही झालेलं नव्हतं. दाजी म्हणतात, हरणाच्या नाकाला फसवता आलं पाहिजे. मी तर आयुष्यातला सगळ्यात भारी वास लावून बसलो होतो. तो वास सांगत होता, आर्विड आला आहे. दुकानात असली बाटली मिळत नाही. आणि त्या वासाआडून गोळी झाडली असती तर ती माझी ठरली नसती. तिच्या हिशेबी ती बाबांनी झाडली असती.

मी बंदूक मांडीवर ठेवली. हरणीने मान वर करून माझा चेहरा हुंगला. मग हात. मग पुन्हा कोट. काहीतरी जुळत नव्हतं, आणि ती ते जुळवत उभी होती. पळाली नाही. तिला काय कळलं मला माहीत नाही. मलाही मार्चपासून नीटसं कळलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती निघाली, आणि नर बिचारा तिच्या मागे.

ते गेल्यावर मला माझा राग आला. नऊच्या नऊ भिंतीवरच राहणार होती, आणि ते मी माझ्या हाताने केलं होतं. आपण काय सोडलं ते बघावं म्हणून नर उभा होता तिथे गेलो. खुंटाला हात टेकवला, तर हाताखाली खड्डे लागले.

गोळ्यांची भोकं. जुन्या भोकांत शेवाळ भरलेलं, मधली काळपट, एकाचं लाकूड अजून पिवळं. मी मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांच्यावर तळहात ठेवला आणि सगळी झाकली गेली.

वर्षाला एक. हरणं दूर गेल्यावर, कॅम्पला आवाज ऐकू जावा म्हणून, एक गोळी. एकही न झाडता परत आले असते तर काकांनी विचारलं असतं, आर्विड, तिकडे दिवसभर करतोस काय? आणि खरं सांगण्यापेक्षा बाबांना दरसाल एक शर्ट स्वस्त पडला. आमच्या गावातला सगळ्यात वाईट नेमबाज वीस पावलांवरून नऊ वर्षं तळहाताएवढ्या जागेत गोळी घालत होता.

मी फळीवर परत जाऊन बसलो. हरणी बरीच लांब गेली असेल इतका वेळ थांबलो. मग खुंटावरच्या त्या भोकांवर नेम धरला, श्वास रोखला आणि झाडली. भोकांच्या दोन विती वर लाकडाची ढलपी उडाली.

उर्होकाका हरीण ओढायची दोरी घेऊन धापा टाकत आले. मागे दाजी, हातात कॅमेरा.

"लागली?"

"चुकली, काका."

काकांनी बर्फाकडे बघितलं. रक्त नव्हतं, हरणांच्या खुरांचे ठसे मात्र माझ्या बुटांपर्यंत आलेले होते. ते त्यांनी जरा जास्त वेळ बघितले.

"कोट!" दाजी म्हणाले. "मी सांगितलं होतं, कोट!"

"हो दाजी. सगळा दोष कोटाचा."

कॅम्पमध्ये काकांनी माझा शर्ट मागून कापला. सुरीला धार नव्हती, म्हणून वेळ लागला. त्यांनी नाव लिहिलं, १९९४ लिहिलं, आणि टेबलावरची खिळे उपटायची पकड उचलून खिशात टाकली. ती त्यांनी सकाळपासून काढून ठेवली होती.

"वाईट वाटतं रे," ते म्हणाले. "आज ती नऊ उतरवायची मनापासून इच्छा होती."

"राहू द्या. भिंतीला शोभतात."

"आणि तुझं कुठे लावू? इकडे माझ्याशेजारी जागा आहे."

"नको. त्यांच्याशेजारी लावा."

काकांनी दहावा खिळा ठोकला, मागे सरकून ओळीकडे बघितलं आणि मान हलवली. "बापावर गेलास अगदी."

"अजून नाही," मी म्हणालो. "दोन विती बाकी आहेत."