गुरप्पाची जॉबरकी

गिरणीच्या साळखात्यात माग चालवण्यात गुरप्पासारखा हात कुणाचा नव्हता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. म्हणून तर तिथल्या वीव्हिंग मास्तरांनी त्याला दहा विणकरांवर देखरेखीला जॉबर नेमलं. महिनाभर बघू, म्हणाले. जमलं तर कायम, नाहीतर परत आपल्या दोन मागांवर. बायकोनं, कमलम्मानं, त्याच संध्याकाळी चाळभर साखर वाटली. आता नापास होऊन घरी कुठल्या तोंडानं जायचं?

आणि हा बाबा करायचा काय? कुणाचा धागा तुटला की "सर, सर, बाजूला हो!" म्हणत स्वतःच सांधायचा. मागातला धोटा अडकला तरी हाच धावणार. येडू विणकर तर धागा तुटायची वाटच बघायचा, तुटला की "गुरप्पाण्णा!" अशी हाक ठोकून खुशाल शेंगा सोलत बसायचा. पंचवीस दिवसांत दहा माणसं गुबगुबीत झाली, गुरप्पाची हाडं वर आली, आणि कापड पहिल्यापेक्षा कमीच निघालं.

कमलम्मा त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची नायकीण. बारा जणींना नुसत्या भुवईवर नाचवायची. तिनं कपाळावर हात मारला.

"अवो, तुमाला विणायला न्हाय ठेवलं, विणून घ्यायला ठेवलंय! हात पाठीमागं धरा आन् बघत ऱ्हावा की."

"मला न्हाय बघवत."

"मग शिका! मी काय आईच्या पोटातनं शिकून आले व्हय?"

शेवटच्या दिवशी मास्तर खात्यात आले आणि नेमका येडूचा धागा तुटला. "गुरप्पाण्णा!"

गुरप्पाचे हात नुसते शिवशिवले. त्यानं ते पाठीमागं गच्च धरले. "तूच सांध," तो म्हणाला.

येडूनं एकदा घोळ घातला, दोनदा घातला. इकडं गुरप्पाला दरदरून घाम फुटला. "डावीकडनं घे... हां, मार गाठ." तिसऱ्यांदा जमलं आणि माग खडखडत सुरू झाला. संध्याकाळपर्यंत आणखी चार धागे तुटले. येडूनं मुकाट सांधले.

"आज खरा जॉबर झालास. जागा कायम," मास्तर म्हणाले.

घरी कमलम्मानं पेढा पुढं केला, तर ह्यानं तो नुसता हातात धरला.

"कायम झालात न्हवं?"

"झालो की. पर चार येळा धागा तुटला, कमळे. कुणीबी मला हाक मारली न्हाय." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

कमलम्मा शेजारी टेकली. "माज्या बायकांनी हाक मारायचं सोडलं, तवा मीबी लई रडले हुते," ती म्हणाली. "तुमाला वाटलं, कांदा चिरतीया."