तेविसावी सूचना

अंजलीने अडकित्ता आईच्या हातपिशवीतून तिसऱ्यांदा बाहेर काढला आणि या वेळी तो वरच्या फळीवर, आईचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला.

"विमानात नेऊ देत नाहीत, आई. सांगितलं ना."

"मग सुपारी काय दातानं फोडू? दात तरी ऱ्हायल्यात का?"

"मी कातरून डबीत भरून देते."

रंगुबाई पाठ फिरवून बसली आणि मिसरीची डबी पांढऱ्या साडीच्या घडीत सरकवली. अंजलीने ते पाहिले. सामानाच्या मोठ्या बॅगेत जाणार होती, जाऊ दे, असा विचार करून ती अडकित्ता परत खाली काढून सुपारी कातरायला बसली.

गाडी चार वाजता विहारापासून निघणार होती. पळसदेवचे आणि आजूबाजूच्या वाड्यांवरचे मिळून बारा जण ज्येष्ठ पौर्णिमेला श्रीलंकेत, अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला जाणार होते. जोतीराम गुरुजींनी सगळे जुळवले होते. अंजलीला बारामतीच्या कॉलेजातून प्रवेशाच्या दिवसांत रजा मिळत नसे. सात वर्षांपूर्वी असाच गट निघाला तेव्हाही मिळाली नव्हती. तेव्हा तात्या जाणार होते, तिचे वडील. आयत्या वेळी त्यांचा गुडघा धरला आणि ते राहिले ते राहिलेच. त्यांना वारून आता दोन वर्षे झाली होती.

तात्यांसाठी तिने सूचनांचा कागद केला होता. आईला वाचता येत नव्हते, म्हणून या वेळी कागद नव्हता; जे काय ते तोंडी.

"बरं, आता ऐक. कोलंबोला उतरलं की काचेमागे साहेब असतो. तो पासपोर्ट बघतो, कशासाठी आलात म्हणून विचारतो. तू काही बोलू नकोस, गुरुजी शेजारी..."

"पिलग्रिमेज," रंगुबाई म्हणाली.

अंजलीच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

"फाय डेज. रिटन टिकट हाय. हाटेल अनुराधापूर. थँक्यू सर." रंगुबाईने बॅगेवर गुडघा ठेवून कपडे दाबले. "बाई आसंल तर म्याडम."

अंजली हसली. "गुरुजींनी पाठ करून घेतलं वाटतं सगळ्यांकडून?"

"त्येला सोताला येतंय व्हय? काल पिलगमेज म्हनत व्हता."

"मग तुला कुणी शिकवलं?"

"कुनी शिकवतंय? तुझं तात्या रोज म्हनायचं की. मी चुलीपुढं, ते उंबऱ्यावर. म्हैनाभर चाललं व्हतं. पिलगिरमेज म्हनायचं, पिगरिलमेज म्हनायचं. मी आतनं वरडायची, आवो, पिलग्रिमेज. तर माझ्यावरच चिडायचं. कागद माझ्याकडं हाय का तुझ्याकडं, म्हनायचं."

ती सांगताना हसत होती. अंजलीही हसली, पण अर्धवटच.

"म्हणजे गुडघा दुखायला लागायच्या आधी."

रंगुबाईने बॅगेची चेन ओढली. ती अडकली. मागे घेऊन पुन्हा ओढली.

"आई, तात्यांचा गुडघा..."

"कोनचा गुडघा?" रंगुबाई म्हणाली. एवढे बोलून गेल्यावर मात्र तिने वर पाहिले नाही.

बाहेर कुणाची तरी मोटार सुरू झाली, पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला. अंजलीने अडकित्ता खाली ठेवला.

"त्यांनी पट्टा घातलेला मी पाहिलाय. दर वेळी पाहिलाय."

"तू यायची म्हटलं की घालायचं. तू एसटीत बसलीस की काढायचं. उकडायचं त्यांना त्यात."

तो पट्टा तिनेच बारामतीहून पाठवला होता, मलमाच्या दोन नळ्यांसह.

समोरच्या भिंतीवर तात्यांचा सात वर्षांपूर्वीचा फोटो होता. त्या वर्षी उजनी धरणाचे पाणी खूप खाली गेले होते आणि पळसदेवचे पाण्यात बुडालेले जुने देऊळ उघडे पडले होते. त्या देवळाच्या जोत्यावर तात्या उभे होते, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, चपला हातात. काठापासून तिथवर भेगाळलेला गाळ होता. धडधाकट माणसाचेही पाय भरून यावेत असा. वर्षश्राद्धाऐवजी विहारात कार्यक्रम ठेवला तेव्हा हा फोटो अंजलीनेच मोठा करून आणला होता. कोपऱ्यातली तारीखही तिने तशीच ठेवली होती, नोंद असावी म्हणून. चौदा जून. आणि 'गुडघा धरलाय, मी काय येत न्हाय' असा तात्यांचा फोन आला तो पंधरा जूनला. ती कॉलेजच्या पहिल्या दिवसाचे वेळापत्रक लावत होती. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या. सात वर्षांत त्या तिने शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"तो कागद आहे का अजून?"

"ट्रंकंत तळाला. पानी लागत न्हाय त्येला, म्हनून अंथरलाय."

साड्या उचलून अंजलीने कागद काढला. कॉलेजच्या ऑफिसातून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला. वर ठळक अक्षरांत 'परदेश प्रवास : सूचना' आणि खाली एकेचाळीस अनुक्रमांक. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या पिशवीत ठेवावा, कुणाच्याही हाती देऊ नये. अनोळखी माणसाची पिशवी धरू नये. विमानातील संडासाच्या दाराची कडी शोधू नये, दार मध्यभागी ढकलावे, बाहेर येताना आत ओढावे. स्तूपाच्या आवारात फरशी तापते, पायमोजे विसरू नयेत. जन्मतारीख विचारल्यास पासपोर्टवरचीच सांगावी, वेगळी सांगू नये.

ती 'नये' मोजू लागली. पहिल्या बाजूला एकोणीस भरले. मागच्या बाजूला वळून मोजायचे तिने सोडून दिले. बोधिवृक्ष हा शब्द सबंध कागदावर एकदाच आला होता, हॉटेलच्या पत्त्यात: बोधिवृक्षापासून दोन किलोमीटर. तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, आयुष्यभर कालव्याची दारे उघडझाप करीत हिंडले. एवढ्या जुन्या झाडाला पाणी कसे देतात ते मला बघायचंय, असे ते म्हणाले होते. त्या वेळी तिने हसून मान हलवली होती आणि पुढची सूचना टाइप केली होती.

"ह्या तारखेचं लई लागलं व्हतं त्यांना," रंगुबाई बोट ठेवून म्हणाली. तिला वाचता येत नव्हते, तरी बोट बरोबर बाराव्या ओळीवर होते. "शाळंत मास्तरानं एक जून घातलेली. म्हनायचे, ती खोटीच हाय, आन् पंचशील घेऊन खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, तुमची एकट्याची हाय का? तुमच्या गाडीतल्या धा जनांची एक जूनच हाय. तर म्हनले, त्येचंच भ्या वाटतंय. साहेब म्हनंल, सगळा गाव एका दिवशी जन्मला व्हय रं?"

अंजली कागद घेऊन दाराशी आली. उजेड त्यावर तिरपा पडला, तेव्हा तिला ओरखडे दिसले. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल उमटत नाही. तात्यांनी टाचणीच्या टोकाने खुणा केल्या होत्या. समोरून पाहिले तर काहीच नव्हते. प्रयोगशाळेत ती मुलांना काच अशीच तिरपी धरायला सांगत असे. जी सूचना पाठ झाली तिच्या आकड्याशेजारी एक बारीक रेघ. एक, दोन, तीन, बारा, सतरा, बावीस.

तेविसावी सूचना साहेबाला द्यायच्या उत्तराची होती; तिच्याशेजारी रेघ नव्हती. तिथे शब्दच टाचणीने फोडला होता, उभ्या रेघा मारून: पिल, ग्रि, मेज. त्या रेघा पुन्हा पुन्हा गिरवल्या होत्या, इतक्या की 'ग्रि'पाशी प्लॅस्टिक पांढरे पडले होते. त्यापुढे कुठेच खूण नव्हती.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"नगं म्हनले. आंजीनं येवडं लिहून दिलंय, मला एक शबुद जमंना. तितं आडवलं तर तिला फोन जाईल, कालिजात समद्यांम्होरं. मास्तरीनबाईचा बा आडकला म्हनतील." रंगुबाईने सुपारीची डबी बंद केली. "आन् तू तरी कवा इचारलंस? मलम पाठवलंस."

अंजली उंबऱ्यावरच बसली. तात्या बसायचे तिथेच, हे तिच्या बसल्यावर लक्षात आले. पण ती उठली नाही.

"मला अडवलं होतं," ती म्हणाली.

"कुठं?"

"सिंगापूरला. परिषदेला गेले होते तेव्हा. हॉटेलचा पत्ता लिहून घ्यायला विसरले. साहेबानं बाजूच्या खोलीत बसवलं. चांगला होता, पाणीबिणी दिलं. पण मला नाव सोडून काही आठवेना. एम.एस्सी. झालेली बाई, आणि इंग्रजी एक शब्द तोंडातून निघेना. वीस मिनिटं."

"तू तर फुलपाखरांचं सांगितलं व्हतंस. इमानतळावर बाग हाय म्हनून."

"बाग नंतर पाहिली. आणि ती नववी सूचना, संडासाच्या दाराची. ते दार मलाच उघडत नव्हतं. आत कोंडले मी. शेवटी हवाई सुंदरीनं बाहेरनं काढलं, रांगेतल्या सगळ्यांसमोर."

रंगुबाईला जे हसू फुटले ते आवरेना. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून ती हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आले. "आगं बया," ती म्हणत होती, "आगं बया, कोंडली."

मग हसू ओसरले. तिने पदराने डोळे पुसले.

"हे त्यांना ठावं व्हतं?"

"नाही."

रंगुबाईने मान हलवली. उठून तिने हातपिशवी खांद्याला लावली, पासपोर्ट आत आहे का ते चाचपले आणि बॅगेकडे बोट दाखवले. अंजलीने बॅग उचलली.

विहारापुढे गाडी उभी होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. बानूबाई, शेजारच्या आळीतली, खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

"रंगूबाय, ये लवकर, तुजी जागा धरलीया. आंजे, आमाला बी सांग की दोन गोष्टी! तू जाऊन आल्याली."

"ती कोंडली व्हती इमानात," रंगुबाई पायरी चढता चढता म्हणाली. "बस, सांगते."

गाडीत हशा पिकला. अंजली बाहेर उभी राहिली. खिडकीखिडकीतून चेहरे तिच्याकडे बघून हसत होते आणि तिला वाटले होते तितकी लाज काही वाटली नाही.

मागच्या खिडकीत आप्पासाहेब बसले होते. तात्यांच्याच खात्यातले, कळस गावच्या बाजूचे. ते हसत नव्हते. गुरुजींनी दिलेली चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून हलत होते.

अंजली त्या खिडकीखाली गेली.

"आप्पा, नाही जमलं तरी चालतं."

त्यांनी दचकून चिठ्ठी खाली घेतली. "न्हाय, जमतंय की. जरा जीभ वळंना, येवडंच. तितं आडवत्यात म्हनं."

"मलाही अडवलं होतं. मलाही काही बोलता आलं नाही."

"तुला?" त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. "आन् मग?"

"मग बसवलं. पाणी दिलं. मग सोडलं."

आप्पासाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घातली आणि ती खिशात ठेवली. मागे टेकून त्यांनी श्वास सोडला.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "येवडंच व्हय?"

इंजिन सुरू झाले. पुढच्या खिडकीतून रंगुबाईचा हात बाहेर आला, बांगड्या वाजवून आत गेला. अंजलीच्या काखेत तो लॅमिनेट केलेला कागद अजून होता, घामाने दंडाला चिकटलेला.

"एवढंच," ती म्हणाली. गाडी तोवर हमरस्त्याला लागली होती.